लाल खडूचं खोटं

माधवी,

बारावी 'अ'चे तुझे तास माझ्याकडे आले. रजेवर असलेल्या शिक्षकाचा तास कुणी घ्यायचा हे ज्या रजिस्टरात लिहितात, त्यात तू गेल्याच्या चौथ्या दिवशीही तुझ्या नावापुढे 'सुट्टीवर' असंच लिहिलं होतं. त्या रजिस्टरात दुसरा शब्दच नाही. पुढच्या चौकोनात माझं नाव होतं. मी सही केली. सही करताना वाटलं, सोमवारी तू येशील, पर्स टेबलावर आपटशील आणि म्हणशील, "निशा, माझ्या पोरांना काय काय चुकीचं शिकवून ठेवलंस ते आधी सांग."

वर्गात गेले. हजेरी घेत होते तेवढ्यात समोरच्या पोरांनी वह्या उघडल्या आणि कुणी न सांगता पट्टी घेऊन पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. तीन रकाने. पाण्यात मीठ विरघळतं म्हणजे काय होतं, तिथून सुरुवात करायची होती. पाण्याचा रेणू काढायला फळ्याकडे वळले. हात सवयीनं लाल खडूकडे गेला आणि परत आला. पांढऱ्या खडूनं काढलं. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅम, आज झूठवाला कॉलम नहीं भरना?" मी "नहीं" म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. ती खाली बसली. मग तासभर कुणी काही विचारलं नाही.

हात का परत आला, ते तुला सांगायचं राहिलं. ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. समोर बसून सांगायला अकरा महिने होते माझ्याकडे. तेव्हा मूग गिळून बसले होते.

पण तुझ्याशी कधी सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही मला. आपलं सगळं चहापासून सुरू व्हायचं. शाळेच्या फाटकाबाहेरचा तो भोपाळी चहा, चिमूटभर मीठ घातलेला. मला तो आवडायचा आणि तू दर वेळी तोंड वाकडं करून प्यायचीस. वडील पुण्याहून इथल्या कारखान्यात बदलून आले, तू जन्मलीस इथे, लग्न करून राहिलीस सोनागिरीत, कारखान्याच्या भिंतीला खेटून, तरी चहात मीठ तुला शेवटपर्यंत पटलं नाही. मी इंदूरची. "मी तुला बोलली होती ना," असं माझ्या तोंडून गेलं की तू कपाळाला हात लावायचीस. "बोलली नाही, बोलले. तुझं मराठी ऐकून माझ्या आईच्या घशात घास अडकला असता." मी म्हणायची, तुमचं मराठी इस्त्रीचं आहे, आमचं रोजच्या वापरातलं. वीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण हेच बोललो. तू 'अ'ला रसायनशास्त्र शिकवायचीस, मी 'ब'ला. दोघींचा विषय एक, पुस्तक एक, आणि एका गोष्टीवर कधी एकमत नाही.

ती गोष्ट म्हणजे तुझी तोफ.

हॉलमधला जुना प्रोजेक्टर तुला शनिवारी दोन तास कॉम्प्युटर रूममध्ये वापरायला मिळाला, पण ठेवायला काही नव्हतं. तू कागदावर चित्र काढून गोविंदपुऱ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलीस. तो बिचारा जन्मभर मशिनांखालचे सांगाडे करत आलेला. त्यानं चित्र पाहून विचारलं होतं, "मॅडम, मोटर कितने हॉर्सपावर की बैठेगी?" तू म्हणालीस, "मोटर नहीं है भैया, सिनेमा है." तरी त्यानं आपल्या हिशेबानं लोखंडी अँगलचा असा स्टँड करून दिला की त्यावर हत्ती उभा राहिला असता. खाली हातगाडीची चाकं. तू तो व्हरांड्यातून ढकलत निघालीस की तळमजल्यावरच्या पाचवीला कळायचं, शनिवार आहे. पोरांनी नाव ठेवलं, तोप.

मला ते आवडायचं नाही. आता काय लपवायचं? मला तुझा हेवा वाटायचा. मी तीस वर्षं खडूनं कार्बनचे चार हात काढत आले. प्रतिमासमघटक, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखे जोडीचे रेणू, शिकवताना मी पायातल्या दोन्ही चपला टेबलावर ठेवायची, डावी उजवीवर बसत नाही हे दाखवायची, आणि पोरं हसायची आणि लक्षात ठेवायची. आणि तू एक बटण दाबायचीस, तर भिंतीभर रेणू गरगर फिरायचा, आरशातला त्याचा जोडीदार बाजूला यायचा, दोघं एकमेकांवर बसता बसत नाहीत हे आंधळ्यालाही दिसायचं. माझी 'ब'ची पोरंही शनिवारी तुझ्याकडे पळायची. सोमवारी मला सांगायची, "मॅम, वहाँ तो घूमता है!" मग मी चहाच्या वेळी तुला टोमणा मारायची, "माझ्या फळ्यानं लाइट गेली म्हणून कधी शाळा सोडली नाही." आणि तू कप खाली ठेवून शांतपणे म्हणायचीस, "तुझा फळाही खोटंच बोलतो गं. फक्त त्याला वीज लागत नाही."

हे वाक्य मी विनोद समजून सोडून दिलं. तू विनोद करत नव्हतीस.

तू मला तीन वर्षं बोलावत होतीस. "एकदा ये शनिवारी, मागच्या बाकावर बस, वाटलं तर विणकाम घेऊन ये." मी एकदाही आले नाही. एकदा व्हरांड्यातून जाताना दारातून पाहिलं तेवढंच. भिंतीवर काहीतरी थांबलेलं होतं, वर्ग गप्प होता, आणि तू स्टुलावर बसून ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत होतीस. पाच मिनिटांनी परत आले तरी तेच. नंतर मी म्हटलं, "भर तासाला झोप काढत होतीस का?"

"नाही गं, थांबले होते."

"कशासाठी?"

"आधी त्यांनी आपल्या मनानं चित्र काढायचं, मग पडद्यावर पाहायचं, आणि शेवटी सांगायचं, या चित्रात खोटं काय आहे. ते मी सांगत नाही. मी सांगितलं तर वहीत उतरतं, डोक्यात राहत नाही. आपलं खोटं आपल्याला सापडलं, तर जन्मभर राहतं."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"सापडतं. थांबायला लागतं."

मी हसले होते. म्हटलं होतं, असं थांबत बसले तर माझा कोर्स पुढल्या जन्मी पुरा होईल.

त्या वह्या आता मी वाचल्या आहेत. तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात जुन्या बॅचच्या पाच-सहा वह्या होत्या, पोरांनी तुला आठवण म्हणून दिलेल्या. तिसऱ्या रकान्यावर कुणी 'झूठ' लिहिलंय, कुणी 'ग़लत', एकीनं नुसती फुली काढलीय. मीठ विरघळण्याच्या चित्राखाली एकानं लिहिलंय, 'पानी के बीच की खाली जगह काली नहीं होती.' दुसऱ्यानं, 'असली में इतना धीरे नहीं होता, मॅम ने हमारे लिए धीमा किया है.' आणि एका मुलीचं वाचून मी वही मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिनं लिहिलंय, 'सोडियम ऐसे जा रहा है जैसे उसको पता हो कहाँ जाना है. उसको नहीं पता.' सोळा वर्षांची पोर. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला असं वाक्य लिहून दिलं नाही, कारण मी ते कधी मागितलंच नाही.

आणि सगळ्या वह्यांत, सगळ्या, पहिल्याच शनिवारी तिसऱ्या रकान्यात पहिलं वाक्य एकच आहे. 'ऑक्सिजन लाल नहीं होता.'

हे वाक्य मी दीड वर्षापूर्वी वाचलं असतं तर?

दीड वर्षापूर्वीची प्रॅक्टिकलची परीक्षा आठव. बाहेरच्या शाळेतून परीक्षक आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहरा त्याहून कडक. माझ्या 'ब'ची अलीना समोर उभी होती. अभ्यासू, घाबरट मुलगी. त्यांनी सहज विचारलं, "ऑक्सिजन का रंग?" आणि ती एका दमात म्हणाली, "रेड, सर." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या दोघींकडे पाहून हसले. त्यांच्या त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी विद्यार्थिनी, माझ्या नावावर. आणि क्षणात मला उत्तर सापडलं. लाल गोळे कुठे असतात? तुझ्या भिंतीवर. 'ब'ची पोरं शनिवारी कुठे जातात? तुझ्याकडे. झालं. दोन अधिक दोन करून मी मोकळी झाले. अलीनाला विचारायची गरजही वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाले, "सर, सिनेमा दिखाने से यही होगा. बच्चे रंग देखते हैं, केमिस्ट्री नहीं देखते." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. प्रिन्सिपल सरांना कॉम्प्युटर रूम शनिवारी प्रवेशपरीक्षेच्या सराव टेस्टसाठी हवीच होती. त्यांनी माझं वाक्य पोळीवर तूप घ्यावं तसं घेतलं. तुझे शनिवार बंद.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू भांडशील म्हणून मी तयारीत होते, चार मुद्दे मनात जुळवून ठेवले होते. तू कागद गोळा केलेस, म्हणालीस, "ठीक है, सर." आणि माझ्याकडे पाहून हसलीस. मला तेव्हा ते हरलेल्या माणसाचं हसणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आपण चहा प्यायलो. मीठ घातलेला. तू तोंड वाकडं केलंस. जणू काही झालंच नव्हतं. प्रोजेक्टर हॉलमध्ये परत गेला. तोफ लॅबच्या कोपऱ्यात येऊन पडली आणि काही दिवसांनी मी तिच्यावर माझा ॲप्रन टांगायला लागले. तू ते रोज पाहायचीस. मधल्या सुट्टीत घरचा लॅपटॉप उघडायचीस, सहा-सहा पोरं त्या एवढ्याशा पडद्याभोवती डोकी घालून बसायची, आणि तू स्टुलावर चष्मा पुसत बसायचीस. डबा तुझा बंदच राहायचा. मी माझा खायची.

मग ऑगस्ट आला. नवी अकरावी. फळ्यावर मी कार्बन डायऑक्साइड काढत होते. मधे कार्बन, पांढरा. मग खोक्यातून लाल खडू उचलला आणि डावीकडे एक गोल, उजवीकडे एक गोल, दोन्ही लाल. आणि हात तिथेच थांबला. पोरं वाट पाहत होती. मी पाठ करून उभी. लाल. मी ऑक्सिजन लाल काढते. नेहमी. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. इंदूरला आमच्या सरांकडे लाकडी गोळ्यांची एक पेटी होती, तिच्यात ऑक्सिजन लाल होता. का लाल, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि मी माझ्या पोरांना सांगितलं नाही. हा नुसता ओळखायचा रंग आहे, खऱ्या ऑक्सिजनला रंगच नसतो, एवढं एक वाक्य तीस वर्षांत मी एकदाही बोलले नाही. तू ते पहिल्याच शनिवारी पोरांकडून वदवून घेत होतीस.

तास संपल्यावर मी चोरासारखी तुझ्या ड्रॉवरमधून शनिवारच्या हजेरीची जुनी वही काढली. तीन वर्षांची पानं चाळली. 'ब'च्या कितीतरी मुलांची नावं होती. अलीनाचं नाव एकाही शनिवारी नव्हतं. तिची व्हॅन शनिवारी लवकर निघायची, हे मला, तिच्या वर्गशिक्षिकेला, माहीत होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण काय उगाच आली मराठीत?

वही परत ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. वर्गात मात्र लालच काढत राहिले, पोरांना काही न सांगता. त्याच दिवशी तुला सांगता आलं असतं. "माधवी, ते लाल माझं होतं." एवढंच. पण मी म्हटलं, आता सांगून काय होणार, शनिवार तर टेस्टला गेला. मग दिवाळी झाली. मग प्रॅक्टिकल आली. मग परीक्षा. रोज सांगायला निघायची आणि रोज तुझ्याशी दुसऱ्याच कशावर तरी वाद घालायची. एवढी खोटी माणुसकी मी कधी केली नसेल, जेवढी त्या महिन्यांत तुझ्याशी केली. तुझ्यासाठी शिवाजी नगरच्या क्वार्टरमागच्या झाडाचे आवळे आणले, लोणचं करून आणलं, तुझे पेपर तपासायला घेतले. तू म्हणायचीस, "अगं, काय झालंय तुला?" काय झालंय ते तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात तू आजारी पडलीस आणि जूनमध्ये हॉस्पिटलात गेलीस. मी चार वेळा आले. दर वेळी बसमध्ये वाक्य पाठ करत यायची. तिसऱ्या वेळी तुझे शरदराव औषध आणायला खाली गेले होते, आपण दोघीच होतो. तुझा आवाज बारीक झाला होता. तू विचारलंस, "निशा, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "हो. लॅबमधल्या बुरेटचे नळ गळतायत सगळे. नवीन मागवायला हवेत."

तू "बरं" म्हणालीस. मग चष्मा काढलास आणि चादरीच्या टोकानं पुसत बसलीस. खूप वेळ. मी बुरेटबद्दल बोलत राहिले. कुठून मागवायचे, काचेचे की प्लॅस्टिकचे. तू पुसत राहिलीस, आणि शरदराव आले.

चौथ्या वेळी तू झोपलेली होतीस. पाचवी वेळ आली नाही.

दहाव्या दिवशी तुझ्या घरी सोनागिरीला आले तेव्हा दारातल्या चपलांच्या गर्दीत अलीना भेटली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्रच घेतलंय. डोळे सुजले होते. माझ्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "मॅम, आपसे एक बात कहनी थी. मुझे बहुत बुरा लगता है. वायवा में मैंने जो रेड बोल दिया था ना..."

मी म्हटलं, "छोड़ो बेटा, पुरानी बात है."

"नहीं मॅम, मेरी वजह से माधवी मॅम का सॅटरडे बंद हुआ. मैं तो कभी गई ही नहीं थी. मॅम ने उसी दिन, लॅब के बाहर पूछा था मुझसे, 'बेटा, लाल कहाँ देखा?' मैंने बता दिया, निशा मॅम बोर्ड पर लाल बनाती हैं. तो हँसने लगीं. बोलीं, 'ठीक है. किसी को बताना मत. वो ख़ुद देख लेंगी.'"

माझ्या हातातला फुलांचा पुडा कुणीतरी घेतला. कुणी ते आठवत नाही.

म्हणजे त्या मीटिंगमध्ये मी उभी राहून बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं. तू एक वाक्य बोलली असतीस तर सगळ्यांसमोर माझी शोभा झाली असती आणि तुझा शनिवार वाचला असता. तू कागद गोळा केलेस. मग रोजचा चहा, रोज तोफेवरचा माझा ॲप्रन, ते आवळे, ते लोणचं, सगळं तू समजून खाल्लंस. माधवी, खरं सांगू? दोन दिवस मी तुझ्यावर संतापले होते. रडण्याआधी संतापले. मी काय तुझ्या वर्गातली पोर होते? माझ्यासाठी कशाला थांबलीस? बोलायचंस ना तोंडावर! मैत्रिणी भांडतात, चार दिवस अबोला धरतात आणि परत बोलतात. पोरांचं दीड वर्षाचं नुकसान झालं ते वेगळंच. हा वाद आता कुणाशी घालू? तू चुकलीस, असं मला अजूनही वाटतं. आणि तू दुसरं काही केलं असतंस तर ती तू नसतीस, हेही वाटतं. दोन्ही वाटतं. एकावर एक बसत नाही, माझ्या चपलांसारखं.

तिसऱ्या दिवशी शरदरावांकडे जाऊन तुझा लॅपटॉप मागितला. ते म्हणाले, "ने. चार्जर सैल आहे, वायर डावीकडे वळवून धरावी लागते. ती नेहमी त्याखाली पुस्तक ठेवायची." पुस्तकही त्यांनीच दिलं. बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि तिथेच रडले. शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या.

मग प्रिन्सिपल सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते अवघडले. "मॅडम, अब ये सब उठाने का क्या मतलब? वो तो रहीं नहीं."

"सर, इसीलिए. मीटिंग के रजिस्टर में मेरी बात लिखी है. उसके नीचे ये भी लिखना है."

त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी माझ्या अक्षरात लिहिलं की ती चूक माझ्या फळ्याची होती, माधवी मॅडमच्या वर्गाची नव्हती, आणि खाली सही केली. शनिवार काही मिळाला नाही. टेस्ट चालूच राहणार. "लॅब में जो करना है, कर लीजिए," एवढं म्हणाले. प्रोजेक्टर हॉलमधून दिला.

परवा मी तोफेवरचा ॲप्रन काढला. एक चाक गंजलंय. ढकलली तेव्हा अशी किंचाळली की पाचवीतली पोरं व्हरांड्यात धावत आली. लॅबच्या खिडकीला जुनी चादर लावली आणि माझ्या 'ब'ला बसवलं. तुझ्या 'अ'ला नाही. 'अ'ची पोरं शिकलेली आहेत. माझी पोरं गेलं वर्षभर माझ्याकडूनच लाल ऑक्सिजन शिकली होती. त्यांना दोन रेघा मारायला सांगितल्या. लॅपटॉप सुरू करताना माझी जी तारांबळ उडाली ती तू पाहायला हवी होतीस. आधी चित्र उलटं आलं. मग आलंच नाही. मी वायरीला नावं ठेवली, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी एका मुलीनं उठून काहीतरी दाबलं आणि भिंतीवर पाण्याचे रेणू आले. लाल, मोठे, कानांसारखे दोन पांढरे गोळे लावलेले, एकमेकांना ढकलत, फिरत. अगं, किती सुंदर दिसतं ते! एवढं तरी तू जिवंत असताना म्हणायला काय झालं होतं मला?

चित्र थांबवलं. म्हटलं, "बताओ, इसमें झूठ क्या है?" आणि तुझ्या स्टुलावर जाऊन बसले.

एक जण म्हणाला, बॅकग्राउंड काळं नसतं. दुसरी म्हणाली, खरं पाणी इतकं हळू नाही हलत. मग सगळे गप्प झाले. मीही गप्प. लाल त्यांच्या नाकासमोर होतं आणि कुणाला दिसत नव्हतं, कारण मी ते त्यांना रोज खरं म्हणून दाखवलं होतं. सांगून टाकावं असं इतकं वाटत होतं, इतकं, की मी जीभ दातांत धरली. चष्मा काढला आणि पुसला.

मग खिडकीजवळची एक मुलगी अर्धवट उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. "मॅम, लाल भी झूठ है क्या?" आणि लगेच घाबरून म्हणाली, "पर आप तो हमेशा लाल ही बनाती हैं."

"हाँ," मी म्हटलं. "वो झूठ मेरा है." आणि मग त्यांना सगळं सांगितलं. अलीनाचं नाव न घेता तिचं, तुझं नाव घेऊन तुझं. मीटिंगमध्ये काय बोलले तेही. पोरं ऐकत होती. ती मुलगी वहीत तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहीत होती. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

ती उभी राहीपर्यंत चार मिनिटं गेली होती, माधवी. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं मी. त्या चार मिनिटांत दोनदा तोंड उघडून मिटलं. तू दीड वर्ष थांबलीस. शेवटी तोंडानं विचारलंससुद्धा, आणि मी तुला बुरेटचे नळ गळतात म्हणून सांगत होते.